तेरा नंबरचा पाना

चंदीगडला बदली झाली तेव्हा ट्रकमधून आमचं सगळं सामान आलं, फक्त माझी हत्यारांची पेटी आली नाही. पलंग आला, फ्रिज आला, एक फुटकी कुंडीसुद्धा कागदात नीट गुंडाळून आली. सामान पोचवणाऱ्या कंपनीच्या माणसाला मी फोन केला, तर तो म्हणाला, "मैडम, टीवी ठीक आया ना? औज़ार ही तो थे." बोलताना तो काहीतरी खात होता. चावण्याचा आवाज मला स्पष्ट ऐकू येत होता.

त्याला सांगून उपयोग नव्हता, पण ती पेटी मी लग्नाच्या आधीपासून जमवली होती. माझे वडील हातकणंगल्याजवळ ऑइल इंजिनं दुरुस्त करायचे. शाळेच्या सुट्ट्या मी त्यांच्या शेडमध्ये काढल्या, आणि हाताला लागलेली सवय पुढे सुटली नाही. आमची गिअरची जुनी स्कूटर मीच उघडते, मीच बसवते. नवऱ्याला तिचा प्लग कुठे असतो हेही माहीत नाही. त्याची नोकरी केंद्र सरकारची, दुसऱ्यांनी केलेल्या खरेदीची बिलं तपासण्याची. संध्याकाळी घरी आला की त्याचे हात सकाळी गेले होते तितकेच स्वच्छ असतात.

पेटी नाही म्हटल्यावर नवी हत्यारं घेणं आलं, आणि त्या वर्षी पैशांची ओढाताण होती. मुलीला दिल्लीच्या कॉलेजात प्रवेश मिळाला होता. तिचं वसतिगृह, तिची फी, त्यात आमची बदली. आमच्या वरच्या मजल्यावर नागपूरकडचं एक कुटुंब राहत होतं. तिथले भाऊजी दुसऱ्या एका केंद्रीय खात्यात होते, आणि कोणती वस्तू कुठे स्वस्त मिळते हे सांगणं त्यांना फार आवडायचं. ते म्हणाले, "वहिनी, सुटे पाने घेत बसू नका. मी ऑनलाइन अख्खा सेट मागवलाय. पेटीसकट. तुमच्या दोन पान्यांच्या पैशात सगळं येतं बघा."

मला ते पटलं नव्हतं. पण नवऱ्याने तिथल्या तिथे फोन काढला आणि सेट मागवून टाकला.

सेट आला. प्लास्टिकची निळी पेटी, आत प्रत्येक तुकड्यासाठी कोरलेला खळगा, आणि सगळं इतकं चकचकीत की जणू लग्नात द्यायची भांडी. झाकण उघडताच शिळ्या तळणीच्या तेलासारखा वास आला. एक पाना उचलला तर तो बोटांना चिकटला. कडा कुणी घासल्याच नव्हत्या. अंगठ्याला बारीक चीर पडली ती मला रक्त दिसल्यावर कळली. निम्मी पेटी पेचकसाच्या टोकाला लावायच्या, बोटाच्या पेराएवढ्या बिट्सनी भरलेली, ज्यांचा आमच्या घरातल्या कुठल्याच स्क्रूशी संबंध नव्हता. आणि स्कूटरच्या चाकाला लागतो तो तेरा नंबरचा पाना हातात घेतला, तर वजनच नाही. पत्र्याचा चमचा वाटावा असा. मला किळस आली. खरं सांगते, उष्ट्या ताटाला हात लागल्यावर येते तशी.

"दिसायला तरी छान आहे," नवरा म्हणाला.

मी पेटी बंद केली. तिची एक कडी त्याच वेळी निघून हातात आली.

मुलगी दिल्लीला निघाली त्या दिवशी तिला बसवर सोडायला आम्ही दोघी स्कूटरवरून सेक्टर त्रेचाळीसकडे निघालो होतो. बसस्टँड जवळ आला आणि मागचं चाक बसलं. स्टेपनी होती, निळी पेटीही डिकीत होती. म्हटलं, आता निदान चार नट तरी काढून देईल. रॅचेटच्या दांड्याला सॉकेटची वाटी लावली, नटवर बसवली, जोर दिला. आतून कर्रर्र असा आवाज झाला आणि दांडा पंख्यासारखा नुसताच फिरू लागला. आतले दात गेले होते. मग तो तेरा नंबरचा पाना घेतला. पहिल्या झटक्यातच त्याचा जबडा फाकला, पाना सटकला आणि माझी बोटं चाकाच्या कडेवर आपटली. सालटी निघाली. नटचे कोपरे बघितले तर गोल झालेले.

"मम्मी, छोड़ो ना यार," मुलगी म्हणाली. तिला मराठी सगळं कळतं, पण उत्तर नेहमी हिंदीत. "बस निकल जाएगी. मैं ऑटो ले लेती हूँ."

ती बॅग घेऊन ऑटोत बसली. पोरगी पहिल्यांदा घर सोडून चाललेली, आणि मी तिला धड जवळही घेतलं नाही, कारण माझ्या हाताला रक्त आणि ते चिकट तेल लागलेलं होतं. ऑटो वळेपर्यंत मी हात अंगापासून लांब धरून उभी होते.

स्कूटर ढकलत पंक्चरवाल्याकडे नेली. त्याने गोल झालेल्या नटकडे बघितलं, छन्नी घेतली आणि हातोडीने ठोकायला सुरुवात केली. मी म्हटलं, "भैया, पाइप वाला पाना नहीं है? बोल्ट टूट जाएगा." तो म्हणाला, "टूटेगा तो नया डाल देंगे." बोल्ट तुटला. नवा त्याच्याकडे नव्हता. तो शांतपणे पुढच्या गिऱ्हाइकाकडे वळला.

सेट परत करायला गेलो तर परत घेण्याची मुदत संपलेली. वरच्या भाऊजींना फाकलेला पाना दाखवला, तर त्यांनी तो उजेडात धरून डॉक्टर एक्स-रे बघतात तसा बघितला आणि म्हणाले, "तुम्ही जोर जास्त लावला असेल वहिनी."

"भाऊजी, पान्याला जोर नाही लावायचा तर काय हळद-कुंकू लावायचं?"

ते हसले. मी हसले नाही.

पुढच्या सुट्टीच्या दिवशी मी नवऱ्याला घेऊन चंदीगडलगतच्या मनीमाजऱ्याच्या बाजारात गेले. जाताना स्कूटरचे धड राहिलेले नट-बोल्ट एका गॅरेजात काढून घेतले आणि रुमालात बांधले. साडी घेताना ब्लाउजचा तुकडा नेतो, तसंच हे. पाना चांगला की वाईट हे नटवर घातल्याशिवाय कळत नाही. चांगला पाना नटवर अंगठीसारखा बसतो, डुगडुगत नाही. दुसरं म्हणजे त्याच्या जबड्याच्या दोन्ही बाजू समोरासमोर सरळ पाहिजेत. आणि तिसरं, हातात घेतल्यावर तो जड लागला पाहिजे. एवढं बघायला कुठल्याही शिक्षणाची गरज नाही, फक्त दुकानदाराने बघू द्यावं लागतं.

दुकान मोठं होतं. छतापासून साखळ्या, पुल्या आणि जॅक लोंबत होते. इकडे पान्याला चाबी म्हणतात. दुकानदाराने माझ्याकडे बघितलंही नाही, नवऱ्याला विचारलं, "हांजी सर जी, कौन सी चाबी दिखाऊं?"

नवऱ्याने माझ्याकडे बोट केलं. "इनको पूछिए."

दुकानदार तरीही त्याच्याशीच बोलत राहिला. मी तेरा नंबरचा रिंग पाना, नटला चहूबाजूंनी धरणारा, मागितला, उत्तर नवऱ्याला. मी नट काढून काउंटरवर ठेवला, तर म्हणाला, "सर जी, मैडम तो बड़ी पक्की हैं." शेवटी त्याने एका नावाजलेल्या कंपनीचा पाना पुढे केला. भाव मात्र त्या कंपनीच्या निम्मा.

मी नटवर घालून बघितला. डुगडुगत होता. मग नाव लिहिलंय त्यावरून बोट फिरवलं, आणि अक्षरांच्या कडा टोचल्या. खऱ्या पान्यावर नाव आधी ठोकतात आणि मुलामा नंतर चढतो, त्यामुळे अक्षरं आतूनसुद्धा गुळगुळीत असतात. इथे मुलामा फोडून नाव बसवलं होतं. अक्षरांभोवती त्या चमकीचे पापुद्रे सुटले होते, उन्हाने अंग सोलवटतं तसे.

"ये कंपनी का नहीं है," मी म्हटलं.

"लिखा तो है जी."

"दूसरा दिखाइए."

त्याने मागे आवाज दिला. मागे एक पडदा होता, आणि पडद्यामागून मघापासून ठक्, ठक् असा आवाज येत होता. पाना आणायला कुणीतरी पडदा सारला तेव्हा मला आतलं दिसलं. एक माणूस पोत्यावर बसला होता. त्याच्या एका बाजूला कोऱ्या पान्यांचा ढीग, दुसऱ्या बाजूला नावं ठोकलेल्यांचा. समोर वेगवेगळ्या कंपन्यांच्या नावांचे ठसे रांगेत ठेवलेले. कोरा पाना ऐरणीवर ठेवायचा, ठसा धरायचा, एक घाव. बाजूला त्याचा चहा वाफाळत होता.

मी दुकानदाराकडे बघितलं. मला वाटलं होतं, तो आता पडदा ओढेल, निदान नजर तरी वळवेल. तो म्हणाला, "मैडम जी, कस्टमर को नाम चाहिए. हम नाम दे देते हैं. जिसको जो नाम चाहिए."

त्याच वेळी काउंटरवर आणखी एक जण उभा होता. इस्त्रीचा पांढरा शर्ट, खिशाला पेन. तो पेटीभर हत्यारं घेत होता, एकाच प्रकारचे पाने, डझनांनी. दुकानदाराशी चाललेल्या त्याच्या बोलण्यावरून कळलं की हे सगळं कुठल्याशा प्रशिक्षण केंद्रासाठी आहे, जिथे पोरं गाड्या दुरुस्त करायला शिकतात. त्यालाही पडद्यामागचं दिसलं होतं. तो फक्त एवढंच म्हणाला, "बिल में कंपनी का पूरा नाम लिखना. और रेट भी कंपनी वाला."

"वो तो हर बार लिखते हैं जी," दुकानदार म्हणाला.

मी त्या माणसाला विचारलं, "ये आप बच्चों के हाथ में देंगे? फिसलेगा तो हाथ कटेगा उनका." माझ्या बोटांवरच्या खपल्या मी त्याच्यापुढे धरल्या.

त्याने त्या बघितल्या. "बहनजी," तो म्हणाला, "उन्होंने कौन सा रेल का इंजन खोलना है? साल भर की तो बात है, सर्टिफिकेट लेके चले जाएंगे." मग दोघेही हसले. त्यात कसलाही दुष्टपणा नव्हता, हेच मला सहन झालं नाही. दोन माणसं हवापाण्यावर बोलत हसावीत तसे ते हसले.

मी नवऱ्याकडे बघितलं. दिवसभर बिलं तपासणारा माझा नवरा छतावरच्या जॅककडे बघत होता.

"अहो, तुम्ही काही बोला की."

"चल," तो हळूच म्हणाला. "आपल्याला घ्यायचं नाही ना? मग चल."

बाहेर आल्यावर मी रस्त्यातच थांबले. "ते बिल उद्या तुमच्यासारख्याच कुणाच्या तरी टेबलावर जाणार. आणि तो त्याच्यावर बरोबरची खूण करणार."

"ते माझं खातं नाही."

"डोळे तर तुमचे आहेत ना?"

"परक्या गावात भर बाजारात भांडून काय मिळणार आहे? तू त्या माणसाचं नावही विचारलं नाहीस."

तेही खरं होतं. मी मागे वळले, पण पांढऱ्या शर्टाचा माणूस गाडीत सामान टाकून निघालाही होता. गाडीवर कुठल्या संस्थेचं नाव नव्हतं. दुकानदार आता दारात उभा राहून आमच्याकडे बघत होता. मी घरी आले आणि साबण लावून पुन्हा पुन्हा हात धुतले. पुढचे कितीतरी दिवस आम्ही दोघं भाजी काय आणायची एवढ्यापुरतंच बोलत होतो. तो समोर बसून जेवायचा आणि मला त्याच्या स्वच्छ हातांचाही राग यायचा.

हत्यारं तरीही हवीच होती. मी ठरवलं की सेट घ्यायचा नाही, एकेक घ्यायचं, आणि आपल्या स्कूटरला लागतं तेवढंच. बाकीच्यांना जिथे वेगवेगळे शंभर तुकडेही पुरत नाहीत, तिथे मला मोजकीच हत्यारं पुरणार होती. चाकाच्या नटसाठी एक रिंग पाना, इंजिनाच्या बोल्टसाठी दुसरा, एक प्लग पाना, एक मजबूत पेचकस, एक पक्कड. मनीमाजऱ्यातच, पण दुसऱ्या गल्लीत, मला एक अरुंद दुकान सापडलं. मालक म्हातारे सरदारजी होते, खडूस. मी पहिल्यांदा रुमाल सोडून नट बाहेर काढले तेव्हा ते म्हणाले, "कुड़े, चाबी लैणी है या रिश्ता देखना है?" म्हणजे पोरी, पाना घ्यायचाय की स्थळ बघायचंय.

"रिश्ताच समझ लो," मी म्हटलं. "रोज हाथ में पकड़ना है."

त्यांनी कुरकुरत डबे खाली काढले. मी चमकदार पाने बाजूला सारले आणि काळपट, बिनमुलाम्याचे मागितले. मुलाम्याखाली बरंच काही झाकता येतं. काळ्या लोखंडावर ठोकणीची रेघ दिसते, भेग असेल तर तीही दिसते. पैसेही कमी पडतात. एक पाना नटवर घातला, डुगडुगला, परत. दुसरा, तोही परत. ते वैतागले, पण त्यांनी एकदाही "नाही बघायचं" असं म्हटलं नाही. शेवटी एक बसला. नट आत गेला तेव्हा टक् असा बारीक आवाज झाला. मी तो एकच घेतला. पुढच्या पगाराला दुसरा. पेचकस घेताना त्याचं टोक स्क्रूच्या खाचेत घालून, पिळून बघितलं. पक्कड घेताना ती मिटून उजेडासमोर धरली, जबड्यांमधून उजेड येतो का ते बघायला. एकीतून आला, दुसरीतून आला नाही. दुसरी घेतली. हिवाळा संपेपर्यंत मला हवं ते सगळं एका जुन्या कापडी पिशवीत जमा झालं होतं.

एका संध्याकाळी मी ती हत्यारं पुसत बसले होते. नवरा जवळ येऊन बसला आणि म्हणाला, "तो नकली पाना तू कसा ओळखलास, दाखव की."

मी निळ्या पेटीतला एक, त्याच्यावरही मुलामा फोडूनच नाव ठोकलेलं होतं, आणि माझा एक असे दोन त्याच्या हातात दिले. त्याने दोन्ही तोलून बघितले, अक्षरांवरून बोट फिरवलं. बराच वेळ फिरवलं.

"अशी बिलं माझ्यापुढे येतात," तो म्हणाला. "बिलावर नाव असतं. पाना नसतो."

नंतर कधीतरी तपासणीच्या दौऱ्यावर असताना त्याने एका कार्यालयात कागद बाजूला ठेवले आणि भांडारातली हत्यारांची पेटी उघडायला लावली. भांडारवाल्याला किल्ली सापडेना, मग सापडली. आत तेच होतं, फोडलेल्या मुलाम्यात ठोकलेलं नाव. नवऱ्याने तसा शेरा लिहिला. त्यावर उत्तर आलं की सदर साहित्य वापरामुळे झिजलेलं आहे. पाने वेष्टनातून बाहेरसुद्धा काढलेले नव्हते. घरी येऊन हे सांगताना त्याचा चेहरा असा झाला होता, जसं दूध पितापिता त्यात केस लागावा. वाईट आहे, पण मला तेव्हा तो पुन्हा आपला वाटला.

शेरा मागे घे म्हणून त्याच्यावर दबाव आला. त्याने घेतला नाही. तपासणी तिथेच अडकून राहिली, आणि माझ्या माहितीप्रमाणे अजून अडकलेलीच आहे.

वरच्या भाऊजींना एकदा पाण्याची टाकी बसवायची होती. त्यांच्या सेटमधला पाना मोडला होता, म्हणून ते माझा तेरा नंबरचा मागायला आले. मी दिला. शेजारी राहतो, नाही कसं म्हणणार? दोन-तीनदा आठवण केल्यावर पाना परत आला तेव्हा त्याच्यावर सिमेंट वाळलेलं होतं, आणि रिंग एका बाजूने चेपलेली. त्यांनी पान्याने भिंतीत खिळे ठोकले होते.

"भाऊजी, हा हातोडी म्हणून वापरलात?"

"अहो वहिनी, लोखंडच आहे ना शेवटी. त्याला काय होतंय?"

मी आतून नट आणला आणि त्यांच्यासमोर पान्यात घालून दाखवला. जाईना. ते म्हणाले, "दुसरा घेऊन देईन हवं तर, ऑनलाइन मिळतो." त्यावर मी जे बोलले ते जरा जास्तच झालं. तुमच्या घरी पाणीही प्यायची इच्छा होत नाही, असं काहीसं. जिन्यात आवाज घुमला. त्यांची बायको वरून कठड्याशी येऊन बघत होती. मला वाटलं, नवरा आतून येऊन मला गप्प करेल. तो आला, चेपलेला पाना माझ्या हातातून घेतला, बघितला आणि भाऊजींना म्हणाला, "याने खिळे ठोकायचे नसतात हो." मग आम्ही दार लावून घेतलं.

त्या वर्षी गणपतीला वरून आरतीचं आणि जेवणाचं बोलावणं आलं नाही. टाळ आणि घंटा खाली ऐकू येत होत्या, मोदकांचा वासही येत होता. मुलीला फोनवर हे सगळं सांगितलं तर ती म्हणाली, "मम्मी, सीरियसली? एक पाने के लिए?"

"हो," मी म्हटलं. "एका पान्यासाठी."

मग तिने मराठीत विचारलं, "मग तुम्ही दोघांनी जेवायला काय केलं?" मी तिला सांगितलं, पिठलं-भात केला, आणि तिच्या बाबांनी दोनदा घेतला.